प्रमाणित उंचीची मोटरसायकल

घरोघर जाऊन मलमपट्टी करणाऱ्या परिचारिकांना खात्याने मोटरसायकली दिल्या, ही गोष्ट स्वागतार्हच होती. गाड्या उत्तम होत्या. दोष एवढाच निघाला, की एका परिचारिकेचे पाय जमिनीला पुरत नव्हते. खात्याच्या मते हा दोष पायांचा होता.

तिला सगळे धाकटी सिस्टर म्हणत. गाडी पळत असेपर्यंत ती खुशीत असे. थांबायची वेळ आली की पंचाईत. चौकात फुटपाथची कड शोधायची, कड नसली तर कुणाच्या तरी खांद्याचा आधार. एकदा कडही मिळाली नाही, खांदाही नाही, आणि सिस्टर, गाडी आणि औषधांची पेटी अशा तिघीही भर रस्त्यात आडव्या झाल्या. त्या दिवशी मास्तरांची पट्टी बदलायची राहिली. मास्तर म्हणजे अंथरुणाला खिळलेले निवृत्त शिक्षक. त्यांच्या पायाची जखम रोज धुतली नाही तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं.

सिस्टरचा थोरला भाऊ गॅरेजवाला. "आधी नाही का सांगायचंस, वेडाबाई," म्हणत त्याने दुपारभरात काम उरकलं. मागचे धक्के झेलणारे शॉकअप आखूड बसवले, पुढच्या चाकाचे पाइप हँडलखालच्या क्लॅम्पमधून वर सरकवले. गाडी खाली आली तसा साइड स्टँड लांब पडायला लागला आणि गाडी नीट टेकेना. म्हणून स्टँडही कापला. सिस्टर गाडीवर बसली. दोन्ही टाचा जमिनीला लागल्या. तिला इतकं बरं वाटलं की चहासुद्धा न घेता ती मास्तरांकडे निघाली.

हे सुख वाहन अधिकारीसाहेबांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

"सिस्टर, ही गाडी बुटकी दिसतेय."

"बुटकी मी आहे, साहेब. गाडी माझ्यापुरती करून घेतली."

"खात्याची मालमत्ता तुमच्यापुरती? उद्या एखादा म्हणेल, मला ढेरी आहे, दरवाजा रुंद करा."

साहेबांच्या केबिनचा दरवाजा नुकताच रुंद झाला होता. पण त्याची गोष्ट वेगळी. तो साहेबांचा दरवाजा होता.

आदेश निघाला, की शॉकअप तत्काळ मूळ उंचीवर आणावेत. भाऊ ऑफिसात आला. "साहेब, शॉकअप मूळचे घातले तर स्टँडही मूळच्या लांबीचा लागेल. नाहीतर गाडी कलंडेल."

"आदेशात स्टँडचा उल्लेख आहे?"

"नाही."

"मग त्याला हात लावायचा नाही. एकदा मनाने केलंत तेवढं पुरे."

गाडी उंच झाली, स्टँड आखूडच राहिला. साहेब पाहणीला आले, समाधानाने सीटवर थाप मारली, आणि गाडी शिस्तीत त्यांच्या पायावर आडवी झाली. चौकशी समितीपुढे साहेब प्लास्टरमधला पाय पुढे करून बसले. समितीने सखोल विचारांती नमूद केलं, की सदर वाहन अल्प उंचीच्या कर्मचाऱ्याच्या ताब्यात असताना कोसळले, सबब कारण उंची. गाडीला स्टँड नवा मिळाला. प्रश्न उरला तो गाडीला साजेसा माणूस शोधण्याचा.

तो गोदामावरच सापडला. ताडमाड पहारेकरी, सगळे त्याला शिडी म्हणत.

"मला पट्टी करता येत नाही, साहेब."

"गाडी येते ना?"

"येते."

"मग झालं."

शिडी रोज मास्तरांच्या दारात थांबतो, दोन्ही पाय टेकवून "बरंय ना?" विचारतो आणि परत येतो. खात्याच्या सर्व फेऱ्या पूर्ण होत असल्याचं जाहीर झालं आहे. दुसऱ्याच्या फेरीतल्या रुग्णाला हात लावला तर नोकरी जाईल, अशी ताकीद सिस्टरला मिळाली आणि तिची बदली तक्रारींच्या खिडकीवर झाली. खिडकीही प्रमाणित उंचीची. तिथे उभं राहायला आणि मोठ्याने बोलायला मनाई, त्यामुळे खुर्चीत बसलेली सिस्टर बाहेरून दिसतच नाही. उंच स्टूल तिने मागितलं होतं; तो फर्निचरमधला अनधिकृत बदल ठरला.

"साहेब, मास्तरांचा पाय जाईल हो," ती रडवेली होऊन म्हणाली.

"खिडकीवर तक्रार द्या."

"खिडकीवर मीच आहे."

"स्वतःची तक्रार स्वतः कशी घेणार? बाहेरचा माणूस हवा. एक जरी आला, तरी त्याच दिवशी तुम्हाला पाठवतो."

म्हणून ती बाहेरच्या माणसाची वाट पाहत बसली.

आणि तुम्ही आलात. मास्तरांचे शेजारी म्हणून, त्यांच्या जखमेला वास येतोय हे सांगायला. खिडकीत कुणी दिसलं नाही. आतून लाकडावर टकटक ऐकू आली, ती तुम्हाला उंदरांची वाटली. "हे लोक सदा चहाला," असं रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणून तुम्ही घरी गेलात. मास्तरांचा पाय उद्या कापणार आहेत. खिडकीतून जरा वाकून पाहिलं असतंत तर ती दिसली असती. पण वाकावं असं तुम्हाला लेखी कुणी कळवलं नव्हतं.