नवाबचं नख

विनोदिनीबाईंनी नवाबला पिंजऱ्यातून बाहेर काढलं, तेव्हा घरातल्या दोन्ही माणसांनी नको म्हटलं होतं. म्हणूनच काढलं. नवऱ्याचं आणि सुनेचं ज्या दिवशी एकमत होतं, त्या दिवशी काहीतरी काळंबेरं असतं, असं बाईंचं पक्कं मत.

नवाब म्हणजे वरच्या मजल्यावरच्या सोनियाचा पक्षी. पांढराशुभ्र, डोक्यावर तुरा, दोन्ही गालांवर केशरी टिकल्या. खरं नाव कॉकाटील, बाजारात त्याला कॉकटेल म्हणतात. रायपूर छत्तीसगडची राजधानी झाली आणि भोपाळहून साहेब लोकांची रांग लागली. सोनिया त्यांतल्याच एका साहेबाची बायको. समता कॉलनीतला बाईंचा वरचा मजला त्यांनी भाड्याने घेतला होता. नवाबला बाईंकडे ठेवून नवराबायको दोन दिवसांसाठी भोपाळला लग्नाला गेले, ते आज संध्याकाळी परत येणार होते.

जाताना सोनिया चार वेळा बोलली होती, "आंटी, इसे बाहर मत निकालिएगा."

"अरे बेटा, हमने दो लडके पाले, एक गाय पाली, और ये यशवंतराव को तो अब तक पाल रहे हैं. तेरे पंछी को खरोंच भी नहीं आएगी!"

हे बाई फाटकात उभ्या राहून बोलल्या होत्या, आणि समोरच्या घरच्या सरलाबाई भाजीवाल्याशी घासाघीस करत होत्या. सरलाबाईंनी ऐकलं म्हणजे कॉलनीने ऐकलं. आता ओरखडा उठला असता, तर तो पक्ष्यावर नाही, बाईंच्या नावावर उठला असता.

तर नवाब बाहेर आला, टेबलावर उतरला आणि बाईंनी हाताने विणलेल्या क्रोशाच्या टेबलपोशात त्याचं नख अडकलं. तो फडफडला. जितका फडफडला तितका गुंतला.

"पाह्यलं? नखं पाय किती वाढली याची! त्या पोट्टीले फॅशन समजते, नखं नाही समजत," बाई म्हणाल्या. "राधिका, नेलकटर आण."

"आई, पक्ष्याच्या नखात रक्ताची शीर असते म्हणते. आपण फक्त दोरा कापू न."

"दोरा कापू? सहा महिने लागले मले तो विणाले!"

पेपरात डोकं घातलेले यशवंतराव म्हणाले, "आज शनिवार आहे, विनोदिनी. शनिवारी नखं कापत नाहीत."

"शनिवार माणसांले असते. हा काय मारुतीच्या देवळात जाते का?"

कट्. नख सुटलं. नवाब असा काही किंचाळला की वरच्या रिकाम्या घरातसुद्धा ऐकू गेलं असेल. पायातून रक्ताचा टिपूस आला, मग दुसरा, मग ते थांबेचना.

बाई एका क्षणात पांढऱ्या पडल्या, पण हात थांबले नाहीत. "हळद! हळदीचा डबा आण वं!" राधिकेने डबा आणला. बाईंनी चिमूटभर हळद नखाच्या टोकावर दाबली आणि तोंडाने रामरक्षा पुटपुटत घट्ट धरून ठेवली. पाच मिनिटांनी बोट उचललं, तर रक्त थांबलेलं. बाईंनी सुस्कारा सोडला. तेवढ्यात नवाबने पंख झटकले, डबा उलटला आणि पांढराशुभ्र नवाब हळदीच्या नवरदेवासारखा चोचीपासून शेपटीपर्यंत पिवळाजर्द झाला.

"चार वाजले," यशवंतराव म्हणाले. "साडेपाचला गाडी येते."

"टाइम सांगाले ठेवलं का तुमाले? अंघोळ घालतो त्याले."

"नुसत्या पाण्याने पुसू," राधिका म्हणाली.

"नुसत्या पाण्यानं हळद जाते का? तुह्या मायनं काय शिकवलं तुले?" बाईंनी नवाबला मोरीत नेऊन पाण्याच्या तसराळ्यात बसवलं, कपड्याच्या साबणाची वडी उचलली आणि त्याच्या पाठीवर फिरवली.

पाठ लाल झाली. पोट लाल झालं. फेस लाल, पाणी लाल, तसराळं लाल.

"फुटला!" बाई किंचाळल्या. "अवो, पक्षी आतून फुटला!"

यशवंतराव रेल्वेतून निवृत्त झालेले. तिथे त्यांनी रुळावरून घसरलेली मालगाडी पाहिली होती. पण हे पाहून ते मोरीच्या उंबऱ्यावरच बसले. राधिकेने नवाबला टॉवेलात गुंडाळलं आणि तिघं एका सायकलरिक्षात दाटीवाटीने बसून दोन गल्ल्यांपलीकडच्या जनावरांच्या डॉक्टरकडे निघाले. फाटकात सरलाबाई होत्या. लाल टॉवेल बघून त्यांच्या हातातली कोथिंबीर गळाली.

डॉक्टर तरुण होता. त्याने टॉवेल उघडला, बोट फिरवलं, वास घेतला. "नाखून किसने काटा?"

बाईंच्या डोळ्यांपुढे सगळी कॉलनी उभी राहिली. "बहू ने. नाखून काटा, पांच मिनट हल्दी दबाई, नहलाया, सब इसीने किया. मैं तो पूजा में थी."

यशवंतराव पंख्याकडे बघू लागले. राधिकेने पदर डोक्यावर ओढला. सासूचं तोंड आणि चैतातलं ऊन, दोन्हींपुढे डोकं झाकून उभं राहायचं असतं, हे ती लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकली होती.

"माताजी, हल्दी के दाग पर साबुन लगाओ तो क्या होता है?"

हळदीच्या डागाला साबण लागला की तो कुंकवासारखा लाल होतो, हे बाईंनीच राधिकेला एका चादरीवरून तीन दिवस सुनावलं होतं.

"खून नहीं है ये. पंछी ठीक है. पर साबुन कभी नहीं, वो चोंच से पर साफ करता है, सब पेट में जाता है." डॉक्टरने कोमट पाण्याने साबण काढला, हलक्या हाताने पुसलं आणि नवाबला दिव्याच्या उबेत ठेवलं. "नाखून में लाल लकीर दिखती है, उसके आगे का ही टुकडा काटते हैं. और पिंजरे में अमरूद की खुरदरी टहनी लगाइए, नाखून अपने आप घिसते रहेंगे." मग तो राधिकेकडे वळला. "मगर भाभीजी, आपने दबाकर पकडे रखा, ये बढिया किया. हल्दी की जगह मैदा होता तो भी चलता, काम दबाने ने किया. इतने छोटे पंछी का थोडा खून भी बहुत होता है. आपने इसकी जान बचा ली."

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्या तर पूजेत होत्या.

घरी पोचले तर फाटकात सोनिया, आणि शेजारी सरलाबाई, सगळं सांगून झालेल्या. नवाब फिकट गुलाबी झाला होता, पण शीळ घालत होता. यशवंतरावांनी डॉक्टरचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. सोनियाने राधिकेला मिठी मारली. "भाभी! आपने मेरे नवाब को बचा लिया!"

सरलाबाई म्हणाल्या, "हुशार आहे हो तुमची सून. आम्हाला नाही सुचलं असतं."

हे मात्र बाईंच्या सहनशक्तीपलीकडचं होतं. दोष दुसऱ्याला देता येतो; कौतुक देताना जीव जातो.

"काहाची सून!" बाई कडाडल्या. "दबाया मैंने! हल्दी मैंने लगाई! नाखून भी मैंने ही काटा, साबुन भी मैंने लगाया!"

सोनियाचे डोळे भरून आले.

"आंटी... आप बहू का इल्जाम अपने सर ले रही हैं?"

"अरे, इल्जाम काहाचा! खरं सांगून राहिली मी! राधिका, सांग न वं हिले!"

"हव, दीदी," राधिका खाली मान घालून म्हणाली. "सब मम्मी ने ही किया."

"देखिए, बहू भी सास की बात कैसे रख रही है!" सोनियाने बाईंचे पाय धरले. सरलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. यशवंतरावांना अचानक ठसका लागला आणि ते घरात पळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सरलाबाईंची सून आपल्या सासूला हाताला धरून घेऊन आली. "काकू, ह्यांना जरा तुमच्याजवळ बसू द्या. सासू कशी असते, ते बघू द्या."

दोघी समोर बसल्या. तेवढ्यात स्वयंपाकघरातून दूध करपल्याचा वास आला. दूध राधिकेने ठेवलं होतं. बाईंच्या जिभेवर तिच्या माहेरच्या तीन पिढ्या येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी तोंड उघडलं. समोर चार डोळे कौतुकाने त्यांच्याकडे लागले होते.

"राहू दे वं राधिका," विनोदिनीबाई दातांवर दात दाबून म्हणाल्या. "माहंच चुकलं."