नेनेकाकांच्या पुंगळ्या

नेनेकाकांच्या जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी रायफलच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या ओळीने उभ्या असायच्या. काका शुद्ध शाकाहारी, पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट. घरात कोळी निघाला तर त्याला कपाखाली धरून बागेत सोडून येणारे. बंदूक चालायची ती फक्त क्लबात, कागदावरच्या वर्तुळांवर.

मी त्यांच्या शेजारी राहायला आले तेव्हा भारतात फोन करायला डेअरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, कॉलिंग कार्ड आणावं लागे. तेच मागायला गेले, तर काकांनी माझ्या तळहातावर दोन पुंगळ्या ठेवल्या.

"जड कुठली?"

"सारख्याच आहेत."

"डोळ्यांचं ऐकू नकोस, काट्याचं ऐक!" त्यांनी एकेक पुंगळी काट्यावर ठेवली. फरक तांदळाच्या दाण्याएवढा. "जड पुंगळीचं पितळ जाड, म्हणजे आत दारूला जागा कमी. मग गोळी वर-खाली जाते. म्हणून पुन्हा दारू भरून वापरताना सारख्या वजनाच्या एकत्र घ्यायच्या."

"आणि पोह्यांत मीठ मात्र अंदाजे," काकू आतून म्हणाल्या.

आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांवर वजनांच्या चिठ्ठ्या होत्या. एकदा माझ्याकडून एक पुंगळी चुकीच्या डब्यात पडली. काकांनी सगळा डबा पुन्हा तोलला. माझ्याशी ते संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.

एका शनिवारी त्यांची गाडी दुरुस्तीला गेली होती, म्हणून मी त्यांना कॉलिनच्या फार्मवर सोडायला गेले. कॉलिन म्हणजे काकांना नेमबाजी शिकवणारा म्हातारा. वर्षापूर्वी त्याची बायको डोरोथी वारली. तेव्हापासून तो क्लबात गेला नव्हता, घरी कुणाला येऊही देत नव्हता. "पुंगळ्या तोलायच्या राहिल्यात का?" असं काकांनी फोनवर विचारलं, तेव्हा कुठे "ये" म्हणाला.

दोघं किचनच्या टेबलाशी बसले. काका तोलायचे, कॉलिन डब्यात टाकायचा. तासाभरात काम संपत आलं. कॉलिन चहा करायला उठला. त्याची पाठ वळताच काकांनी वेगवेगळ्या वजनांचे तीन भरलेले डबे एका मोठ्या डब्यात रिकामे केले आणि हाताने नीट कालवले.

मी किंचाळायचीच बाकी होते. "काका, अहो!"

"हळू बोल." काकांचे कान लाल झाले होते. "सगळं लावून झालं तर पुढच्या शनिवारी तो कशाला बोलावील? आणि..." ते थांबले. "मला तरी इथे दुसरं कोण बोलावतंय?"

कॉलिन चहाचे तीन मग घेऊन आला. त्याने मोठ्या डब्यात डोकावून पाहिलं, मग रिकाम्या डब्यांकडे, मग काकांकडे. काका काटा पुसत होते.

"अजून हीप्स, ढीगभर काम बाकी आहे की," कॉलिन म्हणाला. मग त्याने कपाटातून बिस्किटांचा डबा काढला आणि काकांच्या शेजारची खुर्ची ओढून बसला.