किसनतात्यांचा ड्रॅगन काय खातो

किसनतात्यांचं बोलणं तुम्हाला पटलं, तर ते रागावतात. बाकीची माणसं आपलं म्हणणं पटावं म्हणून घसा कोरडा करतात. हा माणूस मात्र समोरचा "व्हय तात्या, बरोबर हाय" म्हणाला की टोपी गुडघ्यावर झटकतो आणि म्हणतो, "निस्तं व्हय काय म्हंतोस? खोट काड की त्यात." आणि खोट काढायची कशात? तर ड्रॅगनमध्ये. हो, तोच. पंखांचा, तोंडातून जाळ काढणारा. भाटघर धरणाच्या काठाला आमचं गाव आहे, भाताशिवाय दुसरं काही बोलायला नाही, आणि तिथं हे चालतं.

मी सुनीता. गावात पिठाची गिरणी चालवते. गिरणीच्या आवाजात लोकांना ओरडून बोलावं लागतं, त्यामुळे गावातलं माझ्यापासून काही लपत नाही. तात्या एसटीत ड्रायव्हर होते, भोर-वेल्ह्याच्या घाटात त्यांची सगळी नोकरी गेली. आता रिटायर झालेत. दळणाचा डबा माझ्यापुढे ठेवतात, फळीवर बसतात, आणि मी पट्टा चढवायच्या आत जाहीर करतात, "कालच्यात सुधारणा हाय."

त्यांना भ्रम झालाय असं कुणी समजू नका. असलं जनावर नसतं हे त्यांना चांगलं माहीत आहे. "नसतंच," ते म्हणतात. "पन असतं, तर त्यानं काय खाल्लं असतं? कुठं निजलं असतं? खोटं सांगायचं तर ते पोटापान्यासकट सांगावं."

मला पहिल्यांदा सांगितलं ते उडण्याचं. "एवढं धूड सपाटीवरनं उडायचं न्हाई. स्टार्टर गेलेली गाडी आमी कुठं लावायचो? उताराला. तसा त्यो. राजगडाच्या कड्यावर निजतो, दरीकडं तोंड करून. ऊन तापलं, दरीतनं वारं वर आलं, की ब्रेक सोडायचा." मला हे एकदम पटलं आणि मी तसं म्हणून बसले. तात्यांचा चेहरा असा पडला की मला वाटलं, दळणात खडा निघाला.

मग जाळाचं आलं. "बैलाचं पोट फुगतं न्हवं? त्यातला वायू. अन् दाढा गारगोटीच्या. दाढंवर दाढ घासली की ठिनगी." दुसऱ्या दिवशी डबा टेकायच्या आत, "सुधारणा हाय. शिकार जाळून मारली तर खायाला राहील कोळसा. जाळ शिकारीसाटी न्हाईच."

"मग कशासाठी?" मी विचारलं.

"आपन राब भाजतो ते कशासाटी?"

भाताचं रोप टाकायच्या आधी आम्ही पालापाचोळा, शेण पसरून ती जागा भाजून काढतो, त्याला राब म्हणतात. तर तात्यांचा ड्रॅगन उन्हाळ्यात डोंगराचं वाळकं गवत भाजून काढतो. वळवाची सर पडली की तिथं लुसलुशीत चारा फुटतो. चाऱ्यामागं भेकर येतं, डुक्कर येतं, चुकलेलं वासरू येतं. हा कड्यावर बसून वाट बघत असतो. "त्यो शिकारी न्हाई, शेतकरी हाय," तात्या म्हणाले, आणि माझ्याकडं आशेनं बघत राहिले. खोट काढते का म्हणून. मला कुठली सापडायला.

गणपतीत तर कहर झाला. मंडळाच्या पोरांनी देखाव्यात पुठ्ठ्याचा ड्रॅगन केला होता. आरतीचं निरांजन लावलेलं, आणि तात्या मधोमध उभे. "ह्याची छाती बघा. कोंबडीला यापरीस मोठी असती. एवढाले पंख हलवनार कशानं, मनानं?"

अध्यक्ष म्हणाला, "तात्या, देखावा हाय त्यो."

"देखाव्याला तुमीच पंख लावले न्हवं? मंग छाती कोन लावनार, म्या?"

शेवटी पुठ्ठ्याच्या आत गोणपाट कोंबून छाती फुगवली, तेव्हा कुठं आरती झाली. बाप्पा तोवर गप्प बसून होते.

गावात काही जण तात्यांना येडा म्हणतात. बाहेर काय म्हणायचं ते म्हणा. माझ्या गिरणीत जो म्हणतो, त्याचं दळण शेवटी लागतं, मग त्याची बायको घरी तवा तापवून बसलेली असली तरी. मी सांगूनच ठेवलंय.

आता पार्वतीकाकूंचं सांगायला हवं. त्या तात्यांच्या बायको. माहेर राजगडाखालच्या पालीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत. बाप शेळ्या-शेरडं राखायचा. काकूंच्या जिभेला पहिल्यापासून धार. तात्या काहीही बोलले की त्या आधी "ह्यॅ" म्हणायच्या आणि मग तात्यांचं कुठं चुकलं ते सांगायच्या. ते "ह्यॅ" आमच्या अंगणात ऐकू यायचं. मग त्यांना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. पुढच्या खोलीत खिडकीशी खाटेवर असतात. आम्ही बाया बघायला जायचो आणि त्यांच्या देखत तात्यांनाच विचारायचो, जेवल्या का, झोपतात का. त्या भिंतीकडं बघत असायच्या.

त्यांचा मुलगा राजू पुण्यात नोकरीला आहे. दिवाळीनंतर तो माझ्या गिरणीपाशी थांबला. "सुनीताताई, आईला आता काही कळत नाही. आणि तात्या गावभर ड्रॅगन सांगत फिरतात. त्यांच्या भरवशावर तिला कशी ठेवू? पुण्यात एका ठिकाणी असे पेशंट सांभाळतात. मी बघून आलोय. रविवारी गाडी घेऊन येतो आणि तिला नेतो." राजू वाईट नाही. हे बोलताना त्याचे डोळे भरले होते, म्हणून मला त्याला दोन शब्द सुनवताही आले नाहीत, आणि त्याचा मला जास्त राग आला.

तात्यांना मी जसंच्या तसं सांगितलं. ते डब्याचं झाकण लावत होते. "येऊ दे," म्हणाले. "त्याला म्हनावं, आईला न्यायच्या आधी बापाचा ड्रॅगन खोटा पाड."

मला वाटलं, झालं. आता पोराच्या हातात आणखी एक पुरावा.

रविवारी मी पीठ पोचवायच्या निमित्तानं गेले. खरं तर भांडायलाच गेले होते. दारात गाडी उभी होती. राजूनं आईची लुगडी पिशवीत भरली होती. तात्या खाटेच्या कडेला बसून काकूंना पेज भरवत होते, घाई न करता.

"तात्या, निघायला हवं," राजू म्हणाला.

"बस जरा. ड्रॅगनचं पावसाळ्याचं राहिलंय."

"तात्या, आता पुरे."

"बस म्हनलं न्हवं." हा घाटात समोरच्या गाडीला मागं घ्यायला लावणारा आवाज होता. राजू बसला. मीही बसले.

तात्यांनी वाटी खाली ठेवली. "तर आषाढात काय व्हतं, डोंगरावर धुकं. त्याचा पुरेपूर फायदा त्यो घेतो. भर पावसात रानात शेरडांचा कळप चरत असतोय. धुक्यातनं गुपचूप खाली उतरायचं, अन् मागचं शेरडू उचलायचं. आषाढभर चंगळ."

राजूनं घड्याळ बघितलं. तात्या त्याच्याकडं बघत नव्हते, माझ्याकडंही नाही.

खाटेवरून आवाज आला, "ह्यॅ."

वाकडा, ओला, पण तोच. राजू ताठ झाला.

काकूंचं तोंड हलत होतं. शब्द कुठून तरी लांबून आणावा तसं चाललं होतं. "शेरडं... घरात."

पावसात शेरडू रानात ठेवत नाहीत. त्याला भिजलेलं सोसत नाही. आमच्या डोंगरात आषाढभर शेरडं आत असतात आणि माणसं डहाळा तोडून आणून घालतात. शेरडं राखणाऱ्याच्या लेकीला हे माहीत असणार. आणि ज्या माणसाला काही कळत नाही, त्याला ते सांगता आलं नसतं.

तात्यांनी कपाळावर हात मारला. "आत्ता गं. म्या इसरलोच. मंग आषाढात त्यानं खायाचं काय?"

आम्ही थांबलो. बराच वेळ थांबलो. काकूंच्या कपाळाला घाम आला.

"निजंल," त्या म्हणाल्या. "उपाशी."

"पावसाळाभर निजून काडायचा?"

काकूंनी मान डोलावली. आणि थकून डोळे मिटले.

तात्या राजूकडं वळले. "भोरचे डॉक्टर म्हनले व्हते, तिच्याशी बोलत ऱ्हावा. म्या सगळं बोललो. पाऊस, भात, कोन गेलं, कोन आलं. ही आपली भिंतीकडं बघायची. एक दिस टीव्हीत त्यो ड्रॅगन उडत व्हता, म्या म्हनलं, बघ कसा उडतोय. तर म्हनली, ह्यॅ. तवापासनं चाललंय. खरं सांगितलं तर गप ऱ्हाती. खोटं लई खोटं असलं तरी गप ऱ्हाती, तिला त्यात राम वाटत न्हाई. आत एकच खोट ठिवावी लागती, नेमकी तिला दिसंल अशी. लई अवघड काम हाय बाबा, म्हनून गावाला खोट काडाया सांगतो." मग आवाज उतरला. "ती गेली तर मला खोटा पाडायला कोन हाय? निस्ता म्या एकटा बोलत ऱ्हाईन."

सुधारणा कुणाच्या होत्या, ते मला तेव्हा कळलं. कोळसा, राब, सगळं. गोणपाटाची छातीसुद्धा.

राजू उठला. मला वाटलं, पिशवी उचलतो. तो खाटेपाशी खाली बसला आणि आईचा डावा हात हातात घेतला. "आई," तो म्हणाला, "धरणातले मासे खात असेल का गं तो? पाण्यात बुडी मारून?"

काकूंनी डोळे उघडले. राजूकडं नीट, पुरतं बघितलं.

"ह्यॅ," म्हणाल्या.

पिशवीतली लुगडी मीच परत फडताळात लावली. राजू संध्याकाळी गेला, एकटा. आता दर रविवारी येतो आणि येताना एक ड्रॅगनची शंका घेऊन येतो. त्याच्या शंका फारच ढोबळ असतात असं तात्यांचं मत आहे.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी तात्या डबा घेऊन आले. फळीवर बसले. "कालच्यात सुधारणा हाय. पावसाळाभर निजतो."

गिरणीत चार माणसं होती, एकानं दुसऱ्याला डोळा मारला. त्याचं दळण मी बाजूला सरकवलं. मग हात पुसून तात्यांसमोर उभी राहिले.

"तात्या, मला न्हाई पटत."

"काय न्हाई पटत?"

"पावसाळाभर कड्यावर एका जागी निजला, तर त्याच्या पंखांवर शेवाळ न्हाई धरायचं? मग उन्हाळ्यात उडंल कसा?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. टोपी डोक्यावर नीट बसवली. उठले आणि घराकडं इतक्या भरभर निघाले की त्यांचा डबा माझ्याकडंच राहिला.