तांडेलकाकांचा जादा माणूस

तांडेलकाकांच्या एका सवयीनं आम्हां सगळ्यांच्या अंगावर काटा यायचा. पालघर स्टेशनाबाहेरून कंपनीची मेटॅडोर सुटायच्या आधी ते पायरीवर उभे राहून बोटानं माणसं मोजायचे, आणि रोज एक माणूस जास्त भरायचा.

ड्रायव्हर धरून आम्ही दहा, काका वेगळे. त्यांचा आकडा अकरा. ड्रायव्हर म्हणायचा, “चाचा, रोज किसको गिनते हो?” त्यावर काका शांतपणे म्हणायचे, “मोजल्याबिगर नांगर उचलायचा नाय. चल, सोड आता.”

काका सातपाटीचे. नाव हरेश्वर. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. पण समुद्र सोडून ते बोईसरच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात गेटवर वॉचमन झाले होते. होडी गेली, हुद्दा राहिला. मी साताऱ्याकडचा, कारखान्याच्या प्रयोगशाळेत नुकताच लागलेला. ऐंशीच्या आसपासची गोष्ट.

आधी मला वाटलं, ते स्वतःला धरत असतील. तसं विचारलं तर त्यांचा चेहरा एकदम उतरला.

“सोताला? तांडेल सोताला कदी मोजत नाय, साहेब.”

मग अकरावा कोण? मी त्यांच्या बोटावर नजर ठेवली. ते शेवटच्या सीटच्या खिडकीकडच्या कोपऱ्यावर येऊन थांबायचं. तिथं कुणीच बसत नसे, कारण तिथलं रेक्झिन भर मे महिन्यातही ओलसर लागायचं. मी विज्ञानाचा पदवीधर. दोनदा हात लावून पाहिला, तिसऱ्यांदा धीर झाला नाही.

मोजायचं वेड कुठंही उफाळायचं. कुणाच्या मयताला गेलो की स्मशानातून परतताना काका रस्त्यात थांबून मोजायचे आणि घाबरून म्हणायचे, “एक कमी!” मग कुणीतरी हळूच सांगायचं, “काका, त्याला ठेवूनच आलो आपण.” माझ्या लग्नालाही ते आले होते. कराडहून परतताना चहाच्या थांब्यानंतर त्यांनी वऱ्हाडाची बस थांबवली. माझी भांडकुदळ आत्या हॉटेलात राहिली होती. बस मागं वळवून तिला आणलं. वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, “या गृहस्थांना बोलावलं कुणी?”

पालघरच्या बाजारात काकांची बायको हिराकाकू मासळी विकायला बसायची. एकदा बोंबील घेता घेता मी तिला त्या अकराव्याबद्दल विचारलंच. तिनं आधी टोपलीवरच्या माशा हाकलल्या.

“तवा लई प्यायचा ह्यो,” ती म्हणाली. “सकाळचा टाइम, धुकं होतं. जाळं वर घेतलं, मानसं मोजली, सहा भरली. होडी वळवली. ह्याला सोडून खलाशी सहा होते, पन ह्याने सोताला धरून सहा केले. धाकटा भाऊ ह्याचा, भालू, पान्यात राहिला. दोन दिस शोधला. नाय मिळाला.”

मग काका आणखी प्यायला लागले. काकू मुलीला घेऊन दातिवऱ्याला माहेरी गेली. पुढं काकांनी दारू सोडली, होडी विकली, आणि वर्षभर दर रविवारी दातिवऱ्याला जाऊन अंगणात उभे राहिले.

“माजी आई बाहेर येऊन ह्याचं तोंड हुंगायची,” काकू हसली. “वास नाय आला तरी म्हनायची, जा, पुडल्या रविवारी ये. वर्साने घरात घेतला. आता पित नाय. पन मोजायचा नाय थांबत.”

तिनं बोंबील बांधून दिले. मी ते घेऊन घरी आलो.

त्यानंतरच्या मे महिन्यात एका दुपारी कारखान्यात पाइप फुटून वायू सुटला. घंटा वाजली, सगळे गेटपाशी धावले. सुपरवायझरनं हजेरीवही काढून नावं घेतली. सगळे हजर.

“एक कमी,” काका म्हणाले. सकाळी गेटवर त्यांनी सगळ्यांना मोजलं होतंच.

“काका, तो तुमचा रोजचा जादा असेल!” सुपरवायझर वैतागला. सगळे हसले.

“तो हाय,” काका म्हणाले. “ह्यो बगा, बाजूला उबा. दुसरा कोन तरी आत हाय.”

आम्ही त्यांच्या बाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. पण त्या तापलेल्या सिमेंटवर दोन पावलांएवढी जागा ओली होती. मी पाहिलं ते सांगतो, विश्वास ठेवायचा तर ठेवा.

काकांनी टॉवेल भिजवून तोंडाला बांधला आणि आत गेले. थोड्या वेळानं एक माणूस खोकत, धडपडत बाहेर आला. ठेकेदाराचा रंगारी होता. सकाळीच आलेला, वहीत नावच नाही. टाकीमागे पडलो होतो, चाचांनी दारापर्यंत ढकलत आणलं, असं तो सांगत होता. लोकांनी त्याला पाणी दिलं, पाठ थोपटली. सुपरवायझर म्हणाला, “सुटलो! सगळे आले.”

मी सहज मोजायला लागलो, काकांसारखं, बोटानं. मोजणारा माणूसच बाहेर आला नव्हता, आणि त्याला मोजायची कुणाला सवयच नव्हती.

“एक कमी!” मी ओरडलो. प्रयोगशाळेतले मुखवटे चढवून मी आणि ड्रायव्हर आत पळालो. काका दाराच्या आत चार पावलांवर पडले होते.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ते नीट बोलले. काकू उशाशी होती, सासरहून मुलगीही आली होती. माझ्याकडे बघून त्यांनी पहिलं विचारलं, “मला कोनी मोजला?”

“मी,” म्हटलं.

ते तोंडावर चादर ओढून पोरासारखे रडले. मलाही राहवलं नाही.

महिन्याभरानं ते परत मेटॅडोरच्या पायरीवर उभे राहिले. दहा मोजले. बोट मागच्या कोपऱ्यावर गेलं, अकरा. पण “सोड” म्हणाले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. मी बोट त्यांच्याकडे केलं आणि मोठ्यानं म्हटलं, “बारा.”

काका एरवी ड्रायव्हरशेजारी बसायचे. त्या दिवशी ते सरळ मागं गेले आणि शेवटच्या सीटपाशी जरा थांबले.

“सरक जरा, भालू,” म्हणाले, आणि खिडकीकडची जागा सोडून बसले.