जांभळ्या साडीचं वर्णन

वडगावच्या विणकर सोसायटीची वेबसाइट स्वरूपनं केली, तेव्हा चेअरमन सिद्रामअण्णांची एकच अट होती. ती अंध माणसांनाही वापरता आली पाहिजे. अशा माणसांचा फोन फोटोमागं लिहिलेलं वर्णन वाचून दाखवतो, म्हणून प्रत्येक साडीचं वर्णन हवं. एकशेवीस साड्यांचं टाइप करायचा कंटाळा आला, तसा स्वरूपनं घरीच फोन तोंडाशी धरला आणि सगळं बोलून भरलं; कानावर येईल ते फोन टाइप करत गेला. डोळसांना ते दिसत नाही, त्यामुळं कुणी तपासलंही नाही.

चौथ्या दिवशी निपाणीहून फोन आला.

"मी अक्काताई. गाणं शिकवते. मला दिसत न्हाय. भाचीसाठी साडी ऐकत होते. सात नंबरची पसंत पडली, पण एक विचारायचं होतं."

"विचारा की आक्का."

"फोन म्हणतोय, जांभळी साडी, लाल काठ, महादेव माग बंद कर रं, पदरावर मोर. हा महादेव साडीबरोबर येतो व्हय?"

महादेव स्वरूपचा भाऊ, घरच्या मागावर साड्या विणायचा. स्वरूपचे कान तापले.

"आठ नंबरला म्हणतोय, व्हय आई, नळ गळतोय, बघतो नंतर. केला का दुरुस्त?"

"चुकलं आक्का. आत्ता पुसतो सगळं."

"पुसा. पण नुसता रंग लिहून मला काय कळणार? चार साड्या घेऊन या, सांगते."

रविवारी स्वरूप बसनं निपाणीला गेला. अक्काताईंची बोटं साडीवरून सावकाश फिरली. "काठ चार बोटं रुंद. पदर जड, पण अंग मऊ. चुण्या चांगल्या बसतील. असं लिहा." स्वरूप भराभर लिहून घेऊ लागला. जांभळ्या साडीवर मात्र बोट थांबलं.

"हितं एक धागा सुटलाय."

स्वरूपनं साडी खिडकीशी नेली, तेव्हा कुठं त्याला तो दिसला. ही साडी महादेवनं विणली होती, अण्णांनी तपासली होती आणि त्यानं स्वतः सहा बाजूंनी फोटो काढले होते.

"आक्का, आम्हा तिघांना दिसला न्हाय हा."

"तुम्ही बघत होता," अक्काताई म्हणाल्या. "दुसरी द्या पाठवून."

घरी येऊन स्वरूपनं एकशेवीस वर्णनं नव्यानं लिहायला घेतली. मांडीवर साडी, डोळे मिटलेले, बोटं काठावर. त्याची आई बायाक्का दारात येऊन उभी राहिली.

"कामाच्या वेळी झोपलास काय रं?"

"न्हाय आई," डोळे न उघडता तो म्हणाला, "साडी बघतोय."