शेजारी छाप बल्बाची सर्व्हिसिंग

आमच्या गल्लीत दर सहा महिन्यांनी बल्बाची सर्व्हिसिंग असते. मोटारसायकलची नव्हे, विहिरीवरच्या मोटारीची नव्हे, घरातल्या साध्या बल्बाची. चांगला जळणारा बल्ब होल्डरमधून काढायचा, गार होऊ द्यायचा, फडक्यात गुंडाळायचा आणि संध्याकाळी गल्लीच्या टोकाला शेषेरावांच्या बल्ब बनवायच्या शेडमध्ये नेऊन द्यायचा. नवी सून आली की तिला वाटतं, सासरचे लोक आपली फिरकी घेताहेत. मग सासूच हातात पिशवी देते तेव्हा तिला कळतं की घर ठीक आहे, गल्लीच अशी आहे.

शेषेराव आधी चष्मा लावतात. बल्ब कानाशी धरून हळूच हलवतात. मग डॉक्टरनं पेशंटच्या नातेवाइकाला विचारावं तसं विचारतात, "संध्याकाळी कसा वागतो? लुकलुकतो का? परवा वारं सुटलं तवा कसा व्हता?" बल्ब बरा आहे म्हटलं तर त्यांचं समाधान होत नाही. मग ते स्वतः चहा ठेवतात. साखर एवढी की चमचा उभा राहावा. चहा होईस्तोवर तुमच्या शेताची, लेकीबाळींची, गुडघ्यांची चौकशी होते. शेवटी बल्ब मऊ फडक्यानं पुसून भिंतीवरच्या फळीत, रांगेनं लावलेल्या होल्डरांपैकी एकात बसवतात आणि निकाल देतात, "लोडवर टाकतो. उद्या न्या."

म्हणजे बल्ब रात्रभर तिथं पेटता ठेवून पारखायचा, आणि त्या रात्री तुमच्या घरात अंधार.

आता या बल्बात पुसायला काही नसतं, तेल घालायला काही नसतं, आवळायला काही नसतं. माझी भाची लता त्यांच्याच शेडमध्ये बल्ब जोडते, तिनं मला एक बल्ब उघडून दाखवला. वर पांढरा गोळा, खाली टोपी, मध्ये उजेड देणाऱ्या दाण्यादाण्यांची चकती आणि पोटात एक पट्टी. तिला ड्रायव्हर म्हणतात. ती विजेला लगाम घालते. बस, एवढंच. मी म्हटलं, मग सर्व्हिसिंग कशाची करतात? लता म्हणाली, "मावशे, तुझीच करत असतील."

ही लगामाची पट्टी शेषेरावांनी स्वतः शोधून काढलेली आहे. आमच्या पाथरीचं व्होल्टेज तुम्हाला माहीत नसेल. संध्याकाळी ते इतकं खाली जातं की बल्बापेक्षा चिमणी बरी. रात्री शेतातल्या मोटारी बंद झाल्या की इतकं चढतं की वाटतं पंखा आता छप्पर घेऊन उडतो. शहरातले चकचकीत खोक्यातले बल्ब इथं येऊन महिन्याभरात जीव सोडतात. शेषेरावांचं तेव्हा बसस्टँडसमोर टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पातळ टीव्ही आले तसे लोक दुरुस्त करायचं सोडून नवीन घ्यायला लागले. दुकान बंद पडलं. मग हा माणूस गावातले मेलेले बल्ब गोळा करत फिरायला लागला. उकिरड्यावरून बल्ब उचलताना पाहून लोक म्हणाले, गेलं डोकं. ते घरी बसून एकेका बल्बाचं पोट उघडून बघत. शेवटी एक पट्टी अशी बनली की व्होल्टेज खाली जावो, वर जावो, बल्ब जागचा हलला नाही.

नाव ठेवायची वेळ आली. परभणीचा खोकी छापणारा इंग्रजी नावं सुचवायला लागला, प्रत्येकाच्या शेवटी 'टेक'. शेषेराव म्हणाले, "शेजारी छापा." का, तर लाईट गेली की माणूस आधी दारात येऊन शेजाऱ्याची आहे का गेली ते बघतो. खोक्याच्या मागं त्यांनी एक ओळ टाकायला लावली. 'दर सहा महिन्यांनी सर्व्हिसिंग सक्तीची. न आणल्यास हमी रद्द.' जो बल्ब जातच नाही त्याची हमी रद्द झाली काय आणि राहिली काय. पण आमचे लोक छापील शब्दाला भितात. पिशव्या घेऊन निघाले.

'लोडवर टाकणे' हा त्यांचा सगळ्या जगावरचा इलाज. कलिंगड घ्यायचं असो का पुढारी निवडायचा असो, लोडवर टाकल्याबिगर खरं कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्या नातीला बघायला पाहुणे आले. पोरगा गोरा, पुण्याला नोकरी. शेषेरावांनी सगळ्यांदेखत त्याला भरलेलं सिलिंडर जरा आत सरकवायला सांगितलं. पोरगा म्हणाला, डिलिव्हरीवाला ठेवेल ना. शेषेराव माझ्याकडं बघून म्हणाले, "आक्का, फ्यूज बारीक हाय." तरी लग्न झालं, संसार झकास चालला आहे. सिलिंडर नात उचलते.

त्यांची बायको सुमन पुण्यालाच असते. मुलगा तिथं फोन बनवणाऱ्या कंपनीत आहे. नातू झाला तेव्हा दोन महिन्यांसाठी म्हणून ती गेली, नातू आता दप्तर घेऊन शाळेत जातो. कुणी विचारलं तर शेषेराव सांगतात, "डेप्युटेशनवर हाय." स्वतः एकदा आठवड्यासाठी गेले होते, तिसऱ्या दिवशी परत आले. मी विचारलं, करमलं नाही का? म्हणाले, "बाराव्या मजल्यावर राहतेत. तिथं लाईट जातच न्हाई, आक्का. मग शेजारी कोन हाय ते कळावं कसं?"

एकदा परभणीला नवउद्योजकांचा मेळावा होता. पत्रात होतं, सोबत एक समाधानी ग्राहक आणावा. शेषेराव मला घेऊन गेले. आम्हाला शाल, नारळ आणि एक कुंडी मिळाली. मग गालाला माइक चिकटवलेला एक तरुण तज्ज्ञ स्टेजवर इकडून तिकडं फिरायला लागला. तो दर वाक्याला इनोव्हेशन म्हणायचा, जसं आमच्याकडं कीर्तनकार पाणी पितो. त्यानं एकेकाला अडचणी विचारल्या. शेषेरावांनी सांगितलं, दाण्यांच्या चकत्या दिल्लीहून येतात त्या वखतावर येत नाहीत, आल्या तर निम्म्या वेगळ्याच येतात, आणि कमी पैशातला माल बाजारात ढिगानं पडलेला आहे. तज्ज्ञानं ते कानाआड केलं. त्याला भलतंच जाणून घ्यायचं होतं.

"काका, रिपीट कस्टमर किती आहेत तुमचे? म्हणजे परत घ्यायला येणारे?"

"एकबी न्हाई."

"का बरं?"

"बल्ब जातच न्हाई, साहेब."

तज्ज्ञानं फळ्यावर एक गोल काढला, त्यात एक बाण घुसवला आणि म्हणाला, "बघा, काकांचं प्रॉडक्टच काकांच्या बिझनेसच्या आड येतंय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेषेरावांनीही वाजवल्या. परत येताना जीपमध्ये कुंडी मांडीवर घेऊन बसले. मग मला विचारलं, "आक्का, त्यो मला चांगलं मनला का वाईट?"

मी म्हटलं, कुंडी तर चांगली दिली आहे.

पण त्या टाळ्या कुठंतरी ऐकू गेल्या असाव्यात. नांदेडचा एक मोठा व्यापारी शेड शोधत आला. स्वस्तातले बल्ब विकून आणि परत घेऊन तो बेजार झाला होता. त्यानं शेजारी छाप बल्ब पेटवून बघितला, विझवून बघितला, आणि म्हणाला, जेवढे बनवाल तेवढे दर महिन्याला उचलतो.

ही गोष्ट बाकी कुणाला केवढी वाटली माहीत नाही, लताला आभाळाएवढी होती. शेडमध्ये काम कधी असतं कधी नसतं, म्हणून दरवर्षी दसरा झाला की ती आणि तिचा नवरा ऊसतोडीला जातात. लेकीला संगं न्यावं लागतं. पोरगी चौथीत आहे, पण सलग वर्षभर शाळा तिनं बघितलेली नाही. बाराही महिने काम मिळालं तर लता लेकीला घेऊन इथंच राहणार होती. तोडीच्या टोळ्या जमवणारा मुकादम गावात फिरायला लागला होता. त्याला हो म्हणायचं का नाही, हे त्या व्यापाऱ्यावर ठरणार होतं.

व्यापाऱ्याच्या दोन अटी होत्या. पहिली, बल्ब वर्षा-दीड वर्षानं गेला पाहिजे. शेषेराव म्हणाले, तसा मला बनवता येत नाही. व्यापाऱ्याला वाटलं, भाव खायलाय. म्हणाला, शिकून घ्या की. आणि खरंच, लतासाठी त्यांनी शिकून बघितलं. हलक्या पट्ट्या बनवल्या, फळीवर लोडवर टाकल्या, आणि मग त्या मरतील म्हणून रोज सकाळी उठून एकेकीला थोडं थोडं दुरुस्त करत राहिले. शेवटी व्यापारीच हसला आणि ती अट त्यानं सोडून दिली.

दुसरी अट खोक्यामागच्या त्या ओळीची. व्यापारी म्हणाला, "शेषेराव, किनवटच्या गिऱ्हाइकानं बल्ब घेऊन पाथरीला यायचं का?"

"यावं की. चहा हाय."

"ही ओळ वाचली की माणूस बिचकतो. काढा ती."

"मंग ऱ्हाऊ द्या," शेषेराव म्हणाले, आणि उठून चहाचं भांडं धुवायला लागले. व्यापारी आठवड्याची मुदत देऊन निघून गेला.

शेडमधल्या बायका भडकल्या. एका ओळीपायी. लतानं घरी येऊन ऊसतोडीचा कोयता धार लावायला काढला. ते बघून मी संध्याकाळी उठले आणि शेडमध्ये गेले. बायका पाचला घरी जातात, त्यानंतर तिथं कुणी नसतं. शेषेराव बाकावर एकटेच बसलेले. बरेच कप उपडे घालून ठेवलेले. मी सरळच विचारलं, ही सर्व्हिसिंग कशाची असते ते मला सांगा, मग मी लताला तसं सांगते.

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"दुकान व्हतं तवा मानसं बिघडलेलं घेऊन यायची," म्हणाले. "बसायची. बोलायची. आता माझ्या हातनं बिघडणारं बनतच न्हाई, आक्का. मंग मानसानं कशापायी यावं?"

मी चहा मागितला. त्यांनी ठेवला. कप हातात देताना म्हणाले, "लताला मनावं, मुकादमाला न्हाई सांग."

नवीन खोकी छापून आली. मागची बाजू कोरी. शेड दिवसभर गजबजून गेलं, नव्या बायका आल्या, दर महिन्याला टेम्पो दारात उभा राहायला लागला. दसरा झाला, गावातली माणसं ऊसतोडीला गेली, लताचा नवरा गेला, लता राहिली. पोरगी सकाळी शेंबूड पुसत शाळेत जाते आणि दुपारी मला पाढे म्हणून दाखवते. त्या तज्ज्ञानं शेषेरावांचा फोटो आपल्या भाषणात घेतला. खाली लिहिलं, 'ग्राहकाचा अडथळा दूर केला.' शेषेरावांनी मला फोनवर तो फोटो दाखवला. म्हणाले, "अडथळा मंजे तुमी, आक्का."

गल्लीला कळलं की सर्व्हिसिंग संपली. लोकांना हायसं वाटलं. कुणाच्या घरात उगाच एक रात्र अंधार राहीना. पाचनंतर शेडच्या बाजूला कुणी फिरकेना. मी येता-जाता बघायची, आतला दिवा लागलेला असायचा आणि भिंतीवरच्या फळीतले सगळे होल्डर रिकामे.

उन्हं तापायला लागली तशी माझ्या स्वयंपाकघरातल्या बल्बाची सहा महिन्यांची वेळ भरली. मी तो काढला, गार होऊ दिला, फडक्यात गुंडाळला.

"आक्का, सर्व्हिसिंग बंद हाय आता," शेषेराव दारातच म्हणाले.

मी म्हटलं, "माझं खोकं जुनं हाय. त्यावर सक्तीची लिव्हलंय. उद्या माझी हमी रद्द झाली तर तुमी भरून देणार का?"

त्यांनी चष्मा लावला. बल्ब कानाशी धरून हलवला. "रात्री कसा वागतो?"

मी सांगितलं, जरा लुकलुकतो. तो लुकलुकत नाही. मला माहीत होतं, आणि बनवलेला त्यांनीच, तेव्हा त्यांना तर माझ्याआधी माहीत होतं. तरी त्यांनी तो उलटासुलटा करून नीट बघितला. चहा ठेवला. साखर तेवढीच. गुडघे कसे आहेत विचारलं, लताच्या पोरीला पाढे कितीपर्यंत येतात विचारलं, सुमनचा फोन आला होता तेही सांगितलं. बाहेर अंधारून आलं तशी मी उठले आणि बल्बासाठी हात पुढं केला.

शेषेरावांनी एकदा त्या रिकाम्या फळीकडं बघितलं.

"लोडवर टाकतो," म्हणाले. "उद्या न्या."

त्या रात्री मी फोनच्या उजेडात भाकरी थापल्या. एक करपली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बल्ब आणायला निघाले, तेव्हा बाहेरच्या खोलीतला बल्ब काढून फडक्यात गुंडाळला आणि पिशवीत घातला.