चार नंबरचा माइक

तेरवीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता हेमराजचा मिक्सर भोंग्यातून असा काही घुरघुरला की मांडवात पत्रावळी मोजणाऱ्या बाया एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या. मग तो दोनदा खाकरला आणि गप्प झाला. त्याचा मालकही असाच गेला होता. दोनदा खाकरून, कोणाला काही न सांगता.

मोहाळी चेक या गावच्या भजन मंडळाकडे मशीन म्हणावं असं हे एवढंच होतं. चार माइक जोडता येतील असा, पाटावर मावेल एवढा मिक्सर. अठरा वर्षं तो हेमराजच्या मांडीशी होता. एक नंबरवर वारलूचा गळा, दोनवर पेटी, तीनवर ढोलक आणि चारवर भैयाजी. हेमराज स्वतः कधी गात नसे. डोळे मिटून बटणं फिरवत बसे, जशी कोणी झोपलेल्या लेकराच्या केसांतून बोटं फिरवावीत.

आज त्या मिक्सरची सगळ्यांत जास्त गरज भैयाजीला होती. त्याची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, आणि हेमराजची बांधी एकाच धुऱ्याला, एकाच बांधाला लागून. साठ वर्षं दोघांनी एकमेकांना रोज पाहिलं होतं, आजारी असतानासुद्धा. बारा दिवस भैयाजीनं दाढी केली नव्हती. मोहाच्या झाडाखाली बसून त्यानं एक गाणं रचलं होतं, आणि ते मांडवात, जेवणं उठायच्या आधी त्याला म्हणायचं होतं.

"तेरवी झाली का जीव आपला रस्ता धरते, वहिनी," तो कमळाबाईला म्हणाला. "आज आयकलं तं आयकलं त्यानं. उद्या म्हणून काई फायदा नाई."

कमळाबाईनं मान हलवली. नवऱ्यामागं तिला रडायलासुद्धा अजून सवड मिळाली नव्हती. कोणी ना कोणी येऊन तिच्यासमोर रडून जात होतं आणि ती त्यांना पाणी देत होती.

"मंग म्हण ना मिक्सरबिना," वारलू म्हणाला.

"माह्या आवाजाले मिक्सर लागते, वारलू. साधा गायलो तं बैल बिचकतेत, हे का मले मालूम नाई? पण मशीनमधून गेला का आवाज कसा गोड होऊन निघते! अठरा वर्षं आयकून राह्यलं गाव."

अठरा वर्षं भैयाजीच्या शेजारी बसून वारलूच्या डाव्या कानानं केव्हाच संन्यास घेतला होता.

गोंडपिपरीहून मन्सूरला बोलावलं. तालुक्यात जे जे बोलतं किंवा फिरतं आणि एक दिवस थांबतं, ते शेवटी मन्सूरच्या टेबलावर येतं. तो मोटारसायकलवरून आला, कमळाबाईसमोर दोन क्षण हात जोडून उभा राहिला आणि मग मांडवाच्या कडेला पोतं अंथरून बसला. चार पेच काढले, झाकण उचललं आणि नाक आखडलं.

"ह्यात पाणी गेलं."

"पाणी नाई भाऊ," वारलू म्हणाला. "गोमूत्र हाये."

मन्सूरनं पेचकस खाली ठेवला.

"दहाव्याले सुतक फिटलं ना. घर सारवलं. त्याची खाट, त्याची सायकल, त्याचे कपडे, समद्यावर शिंपडलं. मंग यानंच काय घोडं मारलं? म्हणून यालेबी शुद्ध करून घेतलं."

"किती शिंपडलं?"

"म्या तं आंब्याच्या डहाळीनं चार थेंब टाकले जी. पण सोमारीबाईले बरोबर दिसत नाई. तिनं लोटाच उपडा केला."

सोमारीबाई गावातली सगळ्यांत म्हातारी बाई. ती खांबाला टेकून बसली होती, तिथूनच म्हणाली, "मेल्या माणसाची वस्त होय बाप्पा. एक जागा सुटली तं सुतक तिथीच लपून बसते."

"लपलं नाई, बाई," मन्सूर म्हणाला. "सर्किटले चिकटलं."

तो कामाला लागला. जुन्या दातब्रशानं आणि स्पिरिटनं त्यानं सर्किटच्या पट्टीवरचा हिरवा गंज खरवडला, पट्टी उन्हात धरली, कथलाचा एकेक टाका पुन्हा तापवला. काम करता करता त्याला हेमराज भेटू लागला. माणूस कसा होता हे त्याच्या घरात जितकं कळत नाही, तितकं त्यानं दुरुस्त केलेल्या वस्तूच्या पोटात कळतं. पट्टी हलू नये म्हणून तिच्याखाली तेंदूपत्त्याची चौपदरी घडी होती. दोन नंबरच्या भोकात प्लग ढिला पडे म्हणून आगकाडीचं टोक खोचलं होतं. मन्सूरनं घडी काढून तिथं रबर लावलं, आगकाडी काढून नवं सॉकेट बसवलं आणि तो कचरा बाजूला सारला.

चहा घेऊन आलेली कमळाबाई तिथंच खाली बसली. "हे फेकता काय?"

"आता कामाचं नाई ते."

तिनं ती पानाची घडी आणि आगकाडी उचलली, पदराच्या टोकात बांधली आणि चहाचा कप त्याच्याकडे सरकवला.

चार नंबरपाशी मात्र मन्सूर अडला. तिथला वायर तुटलेला नव्हता. कापलेला होता. दोन्ही टोकांना काळा टेप गुंडाळून, टोकं आत दुमडून, कोणी तरी फार मायेनं ते काम केलं होतं. मन्सूरला वाटलं, काही दुरुस्ती करायला घेतली असेल आणि राहून गेली असेल. मेलेल्या माणसाचं काम अर्धं कशाला ठेवायचं? त्यानं टेप सोडवला, वायर जोडला, टाका मारला. त्याचे पैसेसुद्धा लावायचे नाहीत असं मनाशी ठरवलं.

तोवर मांडवामागं घास ठेवायची वेळ झाली होती. पळसाच्या पानावर भात, वडा, भोपळ्याची भाजी आणि हेमराजला आवडायची ती अंबाडीची चटणी. पान गोठ्याच्या छपरावर, कवेलूंवर ठेवलं. समोरच्या कडुनिंबावर एक कावळा आधीच येऊन बसला होता. सगळे हात जोडून उभे राहिले. कावळा एक फांदी खाली आला. मग आणखी एक.

"हेमराजले पयलेपासून भूक सोसत नाई," सोमारीबाई पुटपुटली.

कावळ्यानं पंख उघडले, आणि त्याच क्षणाला मांडवात मन्सूर म्हणाला, "भैयाजी, चार नंबरवर बोला जरा. टेस्टिंग."

भैयाजीनं माइक हातात घेतला, डोळे मिटले आणि बोलण्याऐवजी सूर लावला.

तो सूर भोंग्यातून निघाला तेव्हा आचाऱ्याच्या हातून झारा कढईत पडला. गोठ्यातल्या गाईनं दावं तोडलं. शेजारच्या वाडीतून कोणी तरी ओरडत आलं, "कोणाले करंट लागला जी? मेन बंद करा, मेन!" आणि कावळा कडुनिंबावरून जो उडाला तो सरळ तळ्यापलीकडच्या सागावर जाऊन बसला.

भैयाजीनं डोळे उघडले. स्वतःचा आवाज परत येऊन कानावर आदळल्याचा अनुभव त्याला आयुष्यात पहिल्यांदा येत होता.

"मन्सूरभाई," तो हळूच म्हणाला, "मशीन बिघडलं का तुमच्यानं?"

"बिघडलं?" मन्सूरच्या कसबावरच बोट आलं होतं. "एकदम क्लीन आवाज हाये! चार नंबर तं कधीचाच बंद होता तुमचा. वायर कापून ठेवला होता कोणी. म्या जोडला."

कढईतलं तेल तेवढं बोलत होतं.

"कोणी कापला?" भैयाजीनं विचारलं.

"आता ते मी कसं सांगू? पण हात लय सफाईचा होता. टेप असा गुंडाळला जसा..." मन्सूरला तेव्हा कुठं सगळ्यांचे चेहरे दिसले, आणि त्यानं पुढचं वाक्य गिळलं. उशीर झाला होता. मोहाळी चेकमध्ये सफाईनं टेप लावणारा एकच हात होता.

मागून वारलूनं हाक दिली. कावळा परतला होता, पण गोठ्याकडे यायला तयार नव्हता. कडुनिंबाच्या शेंड्यावर बसून तो भोंग्याकडे बघत होता.

"इच्छा राह्यली त्याची," कोणी तरी म्हणालं.

वारलू पुढं झाला. "हेमराज, कमळावहिनीले काई कमी पडू देणार नाई आमी."

कावळ्यानं चोच फांदीला पुसली.

"तुह्या लेकराचं, हर्षाचं कॉलेज पुरं करू."

कावळ्यानं पाठ फिरवली.

"मंडळ चालू ठेवू रे. दर गुरुवारी बसू."

कावळा आणखी वरच्या फांदीवर गेला.

सोमारीबाई काठी टेकत उठली. तिला दिसत कमी होतं, पण कान शाबूत होते आणि मनात काही राहत नसे. "चार नंबर बंद करतो रे बाप्पा!" ती ओरडली. "ये, जेवून घे!"

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा खाली आला, वडा उचलला आणि गेला.

कोणी हसलं नाही. हसू सगळ्यांच्या गळ्याशी आलं होतं, पण भैयाजीनं तेवढ्यात माइक खाली ठेवला. फार जपून ठेवला, जसं कोणी दुसऱ्याच्या घरचं भांडं परत करावं. आणि तो मांडवाबाहेर गेला.

तो भाताच्या तणसाच्या ढिगाआड बसला होता. कमळाबाई गेली, तिच्यामागं मन्सूर मिक्सर छातीशी धरून गेला.

"अठरा वर्षं, वहिनी," भैयाजी म्हणाला. त्याच्या पांढऱ्या दाढीत तणसाची काडी अडकली होती. "गणपती झाले, कोजागिऱ्या झाल्या. तोंडावर सांगितलं असतं, भैया, तू गाऊ नको. म्या ढोलक वाजवलं असतं. चपला राखल्या असत्या. अठरा वर्षं म्या कोणाले गावून राह्यलो होतो?"

उत्तर मन्सूरनं दिलं, तेही भीत भीत. सकाळपासून त्याच्या तोंडून निघालेलं एकही वाक्य धड पडलं नव्हतं.

"भैयाजी, एक पाहा फक्त." त्यानं मिक्सर तणसावर ठेवला. "ही चार बटणं हायेत ना, प्रत्येक नंबरच्या बुडाशी? हे दाबलं का हेडफोनात फक्त त्याच माइकचा आवाज येते. भोंग्याशी त्याचा संबंध नाई. हे एक नंबरचं बटण पाहा. रंग नवाच्या नवा. दोनचं, तीनचंबी तसंच."

भैयाजीनं पाहिलं. चार नंबरच्या बटणावर रंगच उरला नव्हता. अंगठा ठेवून ठेवून प्लास्टिक गुळगुळीत झालं होतं, मधोमध खळगा पडला होता.

"वायर ह्या बटणाच्या पुढं, भोंग्याच्या बाजूनं कापला होता, माइकच्या बाजूनं नाई. कानाले जाणारा रस्ता त्यानं राहू देल्ला. हेडफोन लावत होते काय हेमराजभाऊ?"

"लावत नोहोते तं काय," कमळाबाई म्हणाली. "घरी मी हाक मारली तं आयकू येत नोहोतं, अन् भजनात दोनी कानाले बुच लावून बसत. मी म्हणो, इतके सारे लोक गातेत, तुमी का आयकता येवढं? तं म्हणत..." ती थांबली. "म्हणत, तुले नाई समजाचं."

मांडवातून आचाऱ्याचा आवाज आला, वडे थंड होऊन राह्यले म्हणून.

"म्हणजे वारलूले नाई," भैयाजी सावकाश म्हणाला. "पेटीले नाई."

"नाई."

"मलेच."

"तुमालेच," मन्सूर म्हणाला. "फक्त तुमाले."

भैयाजीनं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि उठला. "तो तं गेला. आता कान कोणाचा?"

कमळाबाई तशीच घरात गेली.

जेवणं उठायच्या आधी मंडळ बसलं. वारलूनं सूर धरला, ढोलक लागलं. भैयाजीनं मिक्सरवर वाकून स्वतःच्या बोटानं चार नंबरचं भोंग्याच्या आवाजाचं बटण फिरवून पार शून्यावर आणलं आणि मगच माइक घेतला. गावाला भोंग्यातून वारलूचा गळा ऐकू येत होता, गोड आणि नेहमीसारखा. हेमराजच्या जागी, मिक्सरपाशी, कमळाबाई बसली होती. तिच्या डोक्यावर पदर होता आणि पदरावरून हेडफोन. मन्सूरनं तिचा अंगठा धरून त्या गुळगुळीत खळग्यावर नेऊन ठेवला.

भैयाजी गाऊ लागला.

*तुह्या बांधीतलं पानी*
*माह्या बांधीत उतरे,*
*धुरा फोडणारा गेला,*
*पानी उभं थरथरे.*

सूर एका वाटेनं गेला आणि ताल दुसऱ्या. 'थरथरे' तर त्यानं असं लांबवलं की कमळाबाईच्या खांद्यांना धक्का बसला. तिनं ओठ घट्ट मिटले. नाक फुगलं. बारा दिवस लोकांना पाणी देणारी ती बाई भर मांडवात फुटली, आणि आधी हसू फुटलं की रडू, हे शेजारी बसलेल्या मन्सूरलाही सांगता आलं नसतं. तिच्या पाठीवर हात फिरवायला दोन बाया धावल्या. तिनं त्यांना हातानंच मागं सारलं.

भैयाजी थांबला. माइक खाली घेऊन तिच्याकडे वाकला.

तिनं एका कानावरचा हेडफोन उचलला. "भाऊजी," ती डोळे पुसत म्हणाली, "लयच बेसूर गाता हो तुमी."

"हो, वहिनी."

तिनं हेडफोन पुन्हा कानावर बसवला, दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला आणि डोळे मिटले.

"पुढचं कडवं म्हणा," ती म्हणाली.